सायीवरच्या सुरकुत्या

घाटंजीच्या बाजारामागं एक बंद पडलेलं कापसाचं जिनिंग होतं. त्याच्या गोदामात आमची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं पांढरी फरशी येते, थंडगार हवा येते. आमच्या डोक्यावर पत्रे होते, आणि मे महिन्यात ते असे तापायचे की भिंतीवरची पाल खाली उतरून माझ्याकडं पाणी मागायची. मी द्यायचो. पुढं पुढं ती गूळपण मागू लागली, तेव्हा बंद केलं.

माझं काम जीप चालवायचं. जीपला डिझेल नसलं की बाटल्या धुवायच्या, आणि बाटल्या धुऊन झाल्या की कुकर लावायचा. कुकर लग्नाच्या पंगतीचा होता. त्यात आम्ही डाळीऐवजी काचेच्या बाटल्या शिजवायचो, म्हणजे आत कोणी आगंतुक जंतू असला तर मेला पाहिजे. शिट्टी अशी की आर्णीची म्हैस दचकून दूध चोरायची.

गोदामाची मालकीण म्हणजे ताई. मालकीण कागदावर नव्हे, हिमतीनं. वयानं माझ्याहून लहान, शिकली यवतमाळात. घर बौद्ध, बापानं गवंड्याच्या हाताखाली विटा वाहून पोरीला जंतुशास्त्र शिकवलं. घरात देव्हारा नव्हता आणि बोलण्यात नवस नव्हता. "दिसते ते खरं, भाऊ," ती म्हणायची, "आणि नाही दिसत ते मायक्रोस्कोपखाली धरायचं."

त्या वर्षांत कपाशीचं काय झालं हे सांगायला गाड्या भरभरून माणसं आमच्या जिल्ह्यात येऊन गेली, त्यात मी भर घालत नाही. आम्हाला एकाच गोष्टीशी देणंघेणं होतं: मर. सकाळी हिरवं उभं असलेलं झाड संध्याकाळी मान टाकायचं, आणि उपटून पाहिलं तर मूळ आतून तपकिरी. झरी जामणीकडं असंच एक वावर आम्ही पाहिलं होतं. सगळं वावर झोपलेलं, आणि मधोमध एक झाड उभं, जसं काही त्याला कोणी निरोपच दिला नव्हता. ताईनं ते मुळासकट, मातीसकट काढलं, ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि जीपमध्ये मांडीवर घेऊन बसली. घाटंजीपर्यंत मला एकही खड्डा घेऊ दिला नाही. त्या रस्त्यावर खड्डा न घेता जायचं म्हणजे उडतच जावं लागतं. मी उडत गेलो.

त्या मुळाच्या मातीतून ताईनं तो जंतू वेगळा केला. मुळाशी राहणारा, मरीच्या बुरशीला जवळ येऊ न देणारा. पेरणीआधी बियाण्याला चोळायचा. मागच्या हंगामात झरी जामणीच्या काही वावरांत चोळला, आणि ती वावरं उभी राहिली. त्या जंतूची मूळ बाटली आमच्याकडं एकच. फ्रिजमध्ये जपून ठेवलेल्या नळ्या उन्हाळ्यात मेल्या, कारण लोडशेडिंगनं फ्रिजचं कपाट झालं होतं. म्हणून ती बाटली गेली तर ताईचं सगळंच गेलं. तसं झाड पुन्हा कुठं उभं सापडणार?

आता ह्या जंतूला हवा लागते. बाटली सारखी हलत राहिली पाहिजे. हलवायचं यंत्र होतं, पण वीज यायची ती व्याह्यासारखी, पान खाऊन लगेच निघायची. म्हणून ताईनं गोदामाच्या लोखंडी आढ्याला जुन्या लुगड्याचा पाळणा बांधला. त्यात चिंध्यांच्या गाद्या, गाद्यांत बाटल्या. वीज गेली की काकू दोरी ओढत बसायच्या.

काकू मागच्या गल्लीतल्या. झाडलोटीला यायच्या आणि पाळण्यापाशी रमायच्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या लेकरांना त्या गाणी म्हणायच्या. "कोटी कोटी लेकरं हायत म्हंते ताई," त्या मला सांगायच्या, "अन् एकबी रडत नाही. असं घराणं मले नाही भेटलं, बापा."

दर आठवड्याला ताई बाटलीतला थेंब, जंतूंच्या खाण्याचा थर दिलेल्या काचेच्या प्लेटवर पसरवायची. दुसऱ्या दिवशी तिथं जंतूंच्या वसाहती उगवायच्या, मोहरीएवढ्या, गोल. मायक्रोस्कोपला दिवा नव्हता, खाली आरसा होता. खिडकीतलं ऊन आरशावर घ्यायचं आणि तिरपं करून वसाहतीवर टाकायचं. पोत पाहायचा तर उजेड बाजूनं पाहिजे. आमच्या वसाहतींचा पोत म्हणजे थिजू न दिलेल्या तुपाचा थेंब: फुगीर, ओला, गुळगुळीत, त्यावर खिडकीचं इवलंसं चौकोनी प्रतिबिंब. मी एकदा त्यात माझ्या मिशा पाहून विंचरल्या आहेत.

मृग तोंडावर आला होता. झरी जामणीची माणसं पुढच्या बाजारांना बियाण्याला चोळायच्या जंतूचे पुडे न्यायला येणार होती. त्याआधी आमच्या पाठीशी असलेल्या संस्थेचे साहेब येऊन मूळ बाटली तपासणार होते. त्यांनी आधीच बजावलं होतं: भेसळ दिसली तर बाटली ओतायची आणि गोदामाला कुलूप लावायचं. त्यांचंही चुकत नव्हतं. भेसळीचा पुडा एकदा गावात गेला की पुन्हा गावात आपल्याला कोण उभं करणार?

आणि त्याच आठवड्यात ताई मायक्रोस्कोपवर वाकली ती वाकलेलीच राहिली.

"भाऊ, इकडं या."

मी डोळा लावला. तुपाचे थेंब होते. पण त्यांच्यामध्ये दुसरंच काही बसलं होतं. कोरडं, चपटं, आणि सुरकुत्या सुरकुत्या! मधून कडेपर्यंत घड्याच घड्या, वाळवणावरची कुरडई असावी तशी. तिरप्या उन्हात प्रत्येक घडीची सावली पडलेली. मला तर खाली टेकड्या दिसल्या, टेकड्यांमधून नाले दिसले, आणि एका नाल्याकाठी कोणीतरी बकऱ्या चारत होतं. ही शेवटची गोष्ट मी ताईला बोललो नाही.

"कोण आहे हे?" मी विचारलं.

"तेच तर. कोण घुसलं?" तिनं माझ्या बोटांकडं पाहिलं. "खर्रा खाऊन हात लावला काय तुम्ही?"

"आईशपथ नाही!"

"कुकर?"

"तीन शिट्ट्या, ताई. पुऱ्या."

तिनं सगळं पुन्हा केलं. बाटल्यांच्या तोंडाचे कापसाचे बोळे नवे, बाटल्या नव्या, पाणी उकळलेलं. पुन्हा पसरवलं, आणि पुन्हा कुरडया निघाल्या, आधीपेक्षा जास्त. ताईचं जेवण तुटलं. मी गोष्टी सांगायचो, ती हसायची नाही. आणि माझ्या गोष्टीला आमच्याकडं मयतातसुद्धा लोक हसलेले आहेत. काकू कोपऱ्यात पाळण्याशी बसून असायच्या. गाणी बंद होती. मला वाटलं, ताईचा चेहरा पाहून बंद झाली असतील.

मग एका दुपारी ताईनं प्लेट झाकणासकट उन्हात धरली आणि तशीच उभी राहिली.

"भाऊ, रंग पाहा."

थेंबांना पिवळट हिरवी झाक होती. कुरडयांनाही तीच. आमच्या जंतूची ती खूणच, कोवळ्या लिंबाच्या सालीसारखी.

"बाहेरचा आला असता तर रंग कायले आपला लावला असता त्यानं?" ती स्वतःशीच बोलत मायक्रोस्कोपकडं गेली. एकेक वसाहत सरकवत राहिली. मग थांबली. मला डोळा लावायला लावला. एका गुळगुळीत थेंबाच्या कडेनं पाचर निघाली होती, आणि तेवढी पाचरच सुरकुतलेली. एकाच अंगाला अर्धी तरणी कातडी, अर्धी म्हातारी.

"हे घुसलेले नाहीत. हे ह्याच्याच पोटचे आहेत."

तिनं पाळण्यातून मूळ बाटली अलगद उचलून उजेडात धरली. पाण्यावर पातळ पापुद्रा तरंगत होता, कडेला काचेला चिकटलेला. बाटली जराशी कलली तशी त्यावर सुरकुत्या पडल्या.

"साय," मी म्हटलं.

"साय कधी धरते, भाऊ?"

"दूध ढवळलं नाही की."

बोलून गेलो आणि माझीच जीभ दाताखाली आली. हवा मिळेना तेव्हा त्यातल्या काहींनी हातात हात धरून वर, हवेशी, सायीचा तराफा बांधला होता. ज्यांनी तो बांधला तेच प्लेटवर सुरकुतलेले निघत होते. म्हणजे वीज नसताना पाळणा हलत नव्हता. आम्ही दोघांनीही काकूंकडं पाहिलं नाही. न पाहण्याचा एवढा मोठा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

काकूंनीच दोरी खाली ठेवली.

"मी नाही हलवत, ताई," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत असता तवा हलवते. तुम्ही गेल्या का सोडून देते."

"काहून, काकू?"

"माही पोरगी आली नं बाळंतपणाले. सातवा सरला. दोनदा हातचं गेलं तिचं, ठाऊक हाय तुमाले. घरात भरल्या पोटाची पोर बसली अन् मी इथं रिकामा पाळणा हालवू? तिचं काही झालं तं मी कोणाच्या तोंडाकडं पाहू?"

"रिकामा कुठं आहे? बाटल्या आहेत नं त्यात."

"बाटल्या म्हंजे लेकरू नाही, ताई."

"अन् तुम्ही गाणी म्हणत होत्या ते?"

"तवा पोरगी तिच्या घरी होती."

ह्यावर कोणत्या पुस्तकात उत्तर आहे? ताईच्या गालाचा स्नायू हलताना मी पाहिला. एका बाजूला तिचं झाड, तिचा जंतू, तिच्या बापानं वाहिलेल्या विटा. दुसऱ्या बाजूला काकूंच्या पोरीचं पोट. ती अंधश्रद्धेवर बोलायला लागली असती तर आर्णीपर्यंत ऐकू गेलं असतं. मी ऐकलेलं आहे. मी कानांवर हात न्यायची तयारी केली.

ताई म्हणाली, "पाळण्यात काय असलं म्हणजे भरला म्हणायचा?"

काकूंनी डोळे पुसले. "लेकरू. नाहीतं वरवंटा. बारशाले आधी वरवंटाच तं निजवतेत."

"भाऊ," ताई माझ्याकडं वळली, "काकूंच्या घरून वरवंटा आणा."

मी आणला. वाटेत तीन माणसांनी विचारलं, कोणाच्या डोक्यात घालून राह्यला? काकूंनी वरवंट्याला कुंची बांधली, काजळाची तीट लावली आणि बाटल्यांशेजारी निजवला. पहिल्याच झोक्याला तो घरंगळला. काच फुटल्याचा आवाज आला, आणि मूळ बाटली गेली.

फरशीवरून पाणी सरकत दाराकडं चाललं होतं, आणि त्यात झरी जामणीचं ते झाड वाहून चालल्यासारखं मला दिसलं.

ताई हळूच प्लेटपाशी गेली. "ओरडू नका कोणी," ती म्हणाली, आम्ही कोणी ओरडत नव्हतो. "थेंब आहेत नं अजून प्लेटवर." सगळ्यांत गोल, सगळ्यांत ओला असा एकच थेंब तिनं तारेच्या टोकावर उचलला आणि दोन बाटल्यांत घातला. एक फळीवर ठेवली: हिला हलवायचं नाही, सुरकुत्या फक्त हिच्यातच आल्या तर त्या घरच्याच ठरतील. दुसरी पाळण्यात. वरवंट्याला काकूंनी आता चिंध्यांचं दुपटं करून असा करकचून बांधला की मारुतीच्यानंही हलला नसता. आणि जड पाळण्याची गंमत अशी की एकदा झोका दिला की तो बराच वेळ आपला आपण चालतो. काकूंचा हात दुखेनासा झाला. गाणी सुरू झाली. मधल्या दिवसांत मी कुठंही गेलो तरी पाळण्याची कुरकुर कानात. झोपेत माझे पाय हलायचे म्हणून बायकोनं खाट वेगळी केली.

साहेब सोमवारी यायचे होते. ताईनं हिशेबानं दोन्ही बाटल्यांचे थेंब रविवारी सकाळी प्लेटवर पसरवले, आणि दुपारी पुसदहून फोन आला: साहेबांचं तिथलं काम उरकलंय, उद्याऐवजी आजच येतात, गाडी पाठवा.

"संध्याकाळपर्यंत उगवणार नाही नीट," ताई म्हणाली. "लवकर आणू नका, भाऊ."

हे मला सांगायचं? दिग्रसला मी जीपचं पाणी बदललं. आर्णीला हवा बदलली. मधे एका वळणावर बॉनेट उघडून साहेबांना सांगितलं की ह्या नाल्यात मागच्या साली वाघानं टायर खाल्लं, आणि पचलं नाही म्हणून परत आणून दिलं. साहेब शांत, चष्मेवाले. सगळं ऐकत होते आणि वहीत काही लिहीत नव्हते, ह्याचीच मला भीती वाटली. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी फार हुशारी केली. ऊन उतरत होतं. वसाहतींना वेळ पाहिजे होता, पण मायक्रोस्कोपच्या आरशाला ऊन पाहिजे होतं. घाटंजीचा पुढला सगळा रस्ता मी सूर्याशी शर्यत लावली. तो माझ्याआधी पोचला आणि बुडाला.

गोदामात वीज नव्हती. पाळणा कुरकुरत होता. साहेबांनी वाकून पाहिलं. "कोणाचं बाळ?"

"हळू बोला," काकू म्हणाल्या, "आत्ताच निजलं."

साहेबांना कुंचीत वरवंटा दिसला. ते माझ्याकडं पाहू लागले. वाघाच्या टायरवर ह्या माणसानं विश्वास ठेवला होता. आता खरं सांगितलं असतं तर कोणी ठेवला असता? मी आढ्याकडं पाहिलं.

ताईनं सगळं सांगितलं: साय, पाचर, दोन बाटल्या. काकूंच्या पोरीचा विषय तिनं काढला नाही. "वीज नसली की काकू पाळणा हलवतात," एवढंच म्हणाली. काकूंनी दोरी घट्ट धरलेली मी पाहिली.

"तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे," साहेब म्हणाले, "पण मला दिसलं पाहिजे. पोत पाहिल्याशिवाय मी ही बाटली ठेवा म्हणू शकत नाही. आणि मला उद्या थांबता येत नाही."

"मेणबत्ती लावते."

"मेणबत्तीत सुरकुती आणि सावली वेगळी कशी कळेल? भेसळीची शंका असली तर ओतायचं, असं आपलं ठरलंय, ताई."

ताईनं मायक्रोस्कोप खिडकीशी सरकवला. बाहेर उरलासुरला उजेड राखेच्या रंगाचा. तिनं आरसा इकडं फिरवला, तिकडं फिरवला. आत अंधारच. मी धावत बाहेर गेलो.

जीप मी जिनिंगच्या आवारातून अशी वळवली की दोन चाकं हवेत होती. हेडलाइट खिडकीत घातला. आतून ताईचा आवाज: "डावीकडं! अजून! मागं... थांबा!" हेडलाइट थेट आरशावर, आणि आरशातून तिरपा आत. असा उजेड सूर्यानंही त्या मायक्रोस्कोपला कधी दिला नसेल. इंजिन बंद पडू नये म्हणून मी पायानं ॲक्सिलरेटर दाबून बसलो होतो. त्यामुळं पुढचं मला खिडकीतून, धुरातून दिसलं.

साहेबांनी आधी फळीवरच्या बाटलीची प्लेट पाहिली. "अरे बापरे," ते म्हणाले, "केवढ्या घड्या!" मग दुसरी, पाळण्याची. डोळा लावला. स्क्रू फिरवला. पुन्हा फिरवला. प्लेट सरकवली, थांबले, सरकवली.

"यात काही दिसत नाही."

ताईनं टेबलाची कड धरली. काकूंचा हात दोरीवर थांबला, पण पाळणा आपला आपण चाललेला.

"काही नाही म्हणजे?" ताईनं विचारलं.

"म्हणजे सुरकुती नाही. एकही नाही. बारीक आहेत अजून, पण सगळे गुळगुळीत." त्यांनी डोळा काढला. "तुमच्या जीपचा दिवासुद्धा दिसतोय त्यांच्यावर. ठेवा ही बाटली."

मी पाय काढला आणि इंजिन बंद पडलं. अंधारात कोण रडलं ते मला माहीत नाही. काकू म्हणतात ताई, ताई म्हणते काकू. मी बाहेर होतो, मी मोजत नाही.

पुडे झाले. झरी जामणीची माणसं बाजाराच्या दिवशी आली, पुडे धोतराच्या सोग्यात बांधून घेऊन गेली. पाऊस आला, पेरण्या झाल्या. आणि काकूंच्या पोरीला मुलगी झाली, धडधाकट, रडणारी. तिच्या आवाजानं जिनिंगचे उरलेले पत्रे निघाले.

बाराव्या दिवशी काकू वरवंटा न्यायला आल्या. "आज घरच्या पाळण्यात लागते," म्हणाल्या. "उद्या आणून देते." जेवायचं आवतण दोघांनाही होतं. ताई म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, बाटली आहे, मी मागून येते.

मी गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि वीज गेली. जीपची किल्ली आत राहिली होती म्हणून परतलो. दार अर्धं उघडं होतं. ताई पाळण्यापाशी उभी होती. बाटली आत निजलेली, दोरी तिच्या हातात. तिनं ओढली नाही. आधी दाराकडं पाहिलं, मी भिंतीआड झालो. मग खिडकीकडं पाहिलं. मग टेबलावरचं आपलं जंतुशास्त्राचं जाडजूड पुस्तक तिनं उचललं, दुपट्यात गुंडाळलं, बाटलीशेजारी नीट निजवलं, आणि पहिला झोका दिला.

मी किल्ली न घेताच बारशाला गेलो.